जागर आणि दुसऱ्याचे मुख

एकादशीच्या जागराचे माहात्म्य आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो. त्याच जागराच्या पोटी आमच्या हातून एक अन्याय घडला. तो आज भाविक वाचकांपुढे ठेवतो.

आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहुपे गाव आहे. आषाढ वद्य एकादशी होती. दिवसभर भाताची आवणी करून थकलेली मंडळी रात्रभर भजनाला उभी राहिली. पहाटे काकडा झाला, आणि एक तरुण आमच्यापुढे येऊन मुकाट उभा राहिला. तोंड उतरलेले, नजर खाली. आम्हांस वाटले, हा कशावरून तरी रुसून आला आहे. ‘काय ते तोंडाने बोल, नाहीतर वाट सोड!’ असे म्हणून आम्ही आडवे झालो. दुपारी उठल्यावर कळले, त्याची आई रात्रीपासून तापाने फणफणत होती, आणि तो आमची जीप मागायला आला होता. दुसऱ्या कोणाच्या गाडीने माउलीला घोडेगावी नेले. ती बरी झाली. पण त्यात आमचे पुण्य काडीइतकेही नाही.

असे का व्हावे? अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अठरा तरुणांना सत्तर मुद्रा दाखविल्या, एकदा पुरती झोप झाल्यावर, एकदा चोवीस तास जागल्यावर. जागलेल्यांना स्नेहाचे मुख आणि धाक घालणारे मुख यांतला भेद नीट कळेना; साध्या चेहऱ्यांतही त्यांना वैर दिसू लागले. आमचे नेमके हेच झाले होते.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो : मग दोष देहाचा, बुवांचा कसा? उत्तर ऐका. धुके उतरले की दिसत नाही, हा आहुपेकराचा दोष नव्हे. पण दिसत नाही हे ठाऊक असूनही जो कड्याकडे पाय टाकील, त्याने धुक्याला बोल लावू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला, दोघांनाही योग नाही असे सांगितले. पाठशाळेत ते आम्हांस मुखोद्गत झाले. अर्थ उमगला तो साठीनंतर.

त्या मुलाला आम्ही विचारले, ‘अरे, मला हलवून का नाही उठवलंस?’ तो म्हणाला, ‘बुवा, तुम्ही रातभर उभे होतात. तुमचं तोंड बघून जीव झाला नाही.’

आणि तोही आईच्या उशाशी रात्रभर जागाच होता! जागरणाची सबब आमच्या तोंडातच राहिली.

तेव्हापासून नेम केला आहे. जागर सोडला नाही. पण जागराच्या सकाळी कोणावर रागवायचे नाही, निवाडा द्यायचा नाही, आणि कोणी गप्प उभा दिसला तर ‘बाबा, काय झालं?’ असे एकदा नव्हे, दोनदा विचारायचे. मगच पाठ टेकायची.