अडाणी कोणाला म्हणावे?

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की ते उच्चारताना आपण कोणाचा तरी अपमान करीत आहोत, याची बोलणाऱ्याला जाणीवही होत नाही. ‘अंगठेबहाद्दर’ हा त्यांतलाच एक. ज्याला सही करता येत नाही, जो शाईत बुडवलेला अंगठा कागदावर उमटवतो, त्याला आपण ही पदवी देऊन ठेवली आहे. बहाद्दर म्हणायचे आणि गालातल्या गालात हसायचे. आम्हा मास्तर मंडळींच्या तोंडी तर हा शब्द फार. अभ्यास न करणाऱ्या पोराला घालायला धाक म्हणून तो वर्षानुवर्षे उपयोगी पडत आला आहे.

आता गंमत पाहा. आजचा सुशिक्षित माणूस सकाळी डोळे उघडताच पहिले काम करतो ते अंगठा टेकवण्याचे. फोन अंगठ्याने उघडतो, कचेरीतली हजेरी बोटाने लागते, बँकेची तिजोरी बोट ओळखते. ज्या सहीसाठी आम्ही पोरांकडून पाट्याच्या पाट्या गिरवून घेतल्या, ती सही मागे पडली आणि अंगठा प्रतिष्ठित झाला. काळाने अंगठेबहाद्दरांच्या वतीने सूड उगवला, असे म्हणून या गोष्टीवर हसता आले असते.

पण ते हसू टिकत नाही. मध्यंतरी एका खेड्यातल्या दुकानात मी काही कामासाठी उभा होतो. तेथे धान्य घेण्यापूर्वी अंगठ्याचा ठसा यंत्रावर द्यावा लागतो. माझ्यापुढे एक साठीची बाई होती. जन्म द्राक्षाच्या बागांत गेलेला. छाटणी, विरळणी, औषधाच्या पाण्यात घड बुडवणे, ही तिची कामे. तिने अंगठा टेकवला. यंत्राने नकार दिला. दुकानदार म्हणाला, “मावशी, नीट दाबून लावा.” तिने पदराला अंगठा पुसला, पुन्हा लावला. पुन्हा नकार. मग दुसरे बोट, मग दुसरा हात. शेवटी ती दुकानदाराकडे पाहून ओशाळल्यासारखी म्हणाली, “माझंच काही चुकतंय का, दादा?”

चुकले काय होते? चाळीस वर्षांच्या कामाने तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. कष्टकऱ्यांच्या बाबतीत हे सर्रास घडते. ज्याचे हात मऊ, त्याला यंत्र ताबडतोब ओळखते. ज्याने हातांनी काम केले, त्याला ते ओळखत नाही. पण मला त्याहूनही अधिक अस्वस्थ केले ते तिच्या प्रश्नाने. यंत्र अडले आणि लाज तिला वाटली. हा न्याय कोणता?

हा प्रश्न मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यापुढे टाकला. हा मुलगा पुण्यात संगणकाच्या प्रणाली तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. पडद्यावर काय दिसावे, बटण कोठे असावे, माणूस चुकला तर यंत्राने त्याला काय म्हणावे, हे ठरवण्याचे त्याचे काम. याला ते लोक ‘इंटरफेस’ म्हणतात. मी त्याला मराठी शब्द विचारला. त्याला सुचेना. बराच वेळ खल केल्यावर मी म्हटले, “अरे, माणूस आणि यंत्र जेथे भेटतात ती जागा ना? मग उंबरठा म्हण.” त्याला शब्द आवडला. (कंपनीत तो चालला नाही, हे ओघानेच आले.) उंबरठा बेताचा असला तर माणूस सहज आत येतो, उगाच उंच ठेवला की ठेच लागते. आणि ठेच लागली म्हणजे घरातले लोक म्हणतात, “अहो, खाली बघून चाला.”

हा मुलगा कामानिमित्त तीन महिने जर्मनीत राहून आला. परदेशाहून आलेले लोक सहसा तिकडची स्वच्छता आणि इकडचा कचरा या विषयावर बोलतात. हा मात्र सांगत होता ते आगगाडीच्या तिकिटाची गोष्ट. पहिल्याच रविवारी तो स्टेशनावरच्या तिकिटाच्या यंत्रापुढे उभा राहिला. अक्षरे रोमी, पण भाषा अगम्य. शहराचे कसलेसे विभाग पाडलेले, त्यांतला आपला कोणता ते कळेना. मागे रांग वाढू लागली. कोणी ओरडले नाही, कोणी हसले नाही. तरी त्याच्या कानशिलांना घाम फुटला. इंग्रजीची सोय होती. कोपऱ्यात एक चिमुकला झेंडा होता, तो दाबायचा. पण हे कळले दुसऱ्या आठवड्यात. कसेबसे तिकीट हाती आले, तर तेवढ्याने भागले नाही. तेथल्या अनेक गावांत तिकीट विकत घेतल्यावर ते एका लहानशा पेटीत घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवून घ्यावा लागतो. बिनठशाचे तिकीट म्हणजे विनातिकीट. एका म्हातारबाईंनी त्याच्या हातातले तिकीट घेतले, खांबावरच्या पेटीत सारले, ‘टक्’ असा आवाज झाला आणि त्यांनी ते परत दिले. “सर,” तो म्हणाला, “त्या वेळी मला आपल्या बँकेत स्लिप भरून मागणारी माणसं आठवली.”

परदेशगमनाचा याहून मोठा लाभ मला माहीत नाही. घरी असताना शहाणपण आणि सवय यांतला फरक आपल्याला दिसत नाही. गावची गाडी कोठे थांबते, कंडक्टरला काय सांगायचे, ओळीत कोठे उभे राहायचे, हे आपण कोणत्याही पुस्तकात वाचलेले नसते. ते अंगवळणी पडलेले असते. परक्या मुलुखात हे सारे गळून पडते, आणि पदवीधर माणूस चार घटकांत निरक्षर होतो. म्हणजे अडाणीपणा हा माणसाच्या अंगचा गुण नव्हेच. तो माणूस आणि त्याच्यापुढे ठेवलेली वस्तू यांच्या मधोमध जन्मतो. आणि वस्तू करणाराचा त्यात निम्मा, कित्येकदा निम्म्याहून अधिक, वाटा असतो. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापराच्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. ढकलायच्या दाराला ओढायची मूठ बसवली तर माणूस ते ओढणारच. यात माणसाची चूक नाही, दाराची आहे, असे त्याचे म्हणणे. वाचायला साधे वाटते. पण हे मनापासून मान्य केले तर कितीतरी कचेऱ्यांना आपल्या खिडक्या बदलाव्या लागतील.

आपल्या देशाने ही गोष्ट एकदा फार मोठ्या प्रमाणावर मान्य केली होती, आणि त्याचा आपल्याला विसर पडला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींच्या वर मतदार होते. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे देशात लिहितावाचता येणारे शेकडा अठरा. निरक्षरांच्या हाती मत देणे हा वेडेपणा आहे, असे म्हणणारे विद्वान थोडे नव्हते. त्यांना सोपा मार्ग उपलब्ध होता: आधी अक्षरे शिका, मग मत द्या. सरकारने तसे म्हटले नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवली, पेटीवर चिन्ह लावले आणि मतदाराला सांगितले, आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाक. खूण करायची नाही, नाव वाचायचे नाही. बैलजोडी, झोपडी ओळखायला शाळा लागत नाही. शिकण्याचा भार मतदारावर न टाकता योजण्याचा भार राज्याने स्वतःवर घेतला. मला तर ही त्या निवडणुकीतली सर्वांत सभ्य गोष्ट वाटते. पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी जपानी लोकांनी असाच विचार केला. जगभरचे शिकलेसवरलेले पाहुणे आपल्या लिपीपुढे निरक्षर ठरणार, हे ओळखून त्यांनी खेळांची आणि सोयींची साधी चित्रे केली. पाहुण्यांनी जपानी शिकून यावे, असा हट्ट धरला नाही.

मास्तर म्हणून मला येथे एक शंका येते, आणि ती मी दडवणार नाही. सगळेच चित्रांनी आणि बटणांनी सोपे करून ठेवले, तर माणसाने शिकावे कशासाठी? कष्टाने मिळवलेल्या विद्येला काही मान आहे की नाही?

याचे उत्तर मला मुंबईच्या डबेवाल्यांनी दिले. मावळ, खेड, जुन्नरकडची ही माणसे. बहुतेकांचे शिक्षण बेताचे. डब्याच्या झाकणावर रंग, अंक आणि अक्षरे यांची जी खूण असते, तिच्यात डबा कोठून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यायचा, हे सारे आलेले असते. २००३ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटायला आले. २००५ साली त्यांच्या लग्नाला दोन डबेवाले लंडनला जाऊन आले. मोठमोठे व्यवस्थापनपंडित त्या झाकणाकडे पाहतात आणि त्यांना ओ की ठो कळत नाही. म्हणजे खूण सोपी नाही, शिकावीच लागते. पण ती ज्यांनी वापरायची त्यांनीच आपल्या कामाच्या मापाने बेतलेली आहे. तेव्हा प्रश्न सोप्याअवघडाचा नव्हे. वस्तू बेतताना कोणाचा हात डोळ्यांपुढे होता, हा आहे.

आमच्या नाशिककरांना हे कळायला लांब जायला नको. नाशिकरोडला १९२५ साली सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली नोटांचा छापखाना सुरू झाला. हाती १०० ची नोट असेल तर तिच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. उठावाचा त्रिकोण लागेल, आणि कडेला चार तिरक्या रेघा. ५०० च्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेघा. ज्याला दिसत नाही त्याची कोणीतरी आठवण ठेवली आहे. मात्र त्याच नव्या नोटांच्या आकारात १०० आणि २०० मध्ये लांबीचा फरक ठेवला तो अवघा ४ मिलिमीटरचा. तेव्हा अंधांच्या संस्थेला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. एकाच कागदावर आठवण आणि विसर दोन्ही छापलेले.

पासपोर्टही येथेच छापला जातो. त्याच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. त्या माणसासाठी नाहीत. जगभरच्या यंत्रांसाठी आहेत. त्यांत रोमी मोठी अक्षरे, अंक आणि रिकामी जागा भरणारी एक खूण, एवढेच बसते. त्यामुळे आमचे काळे सीमेवर काले होतात, गाडगीळांचा ळ विमानतळावरच राहतो. जगाला एक सामाईक लिपी हवी, हे मला पटते. त्यावाचून प्रवास अशक्य होईल. पण सोय सर्वांची झाली आणि किंमत ळ वाल्यांनी दिली, एवढे निदान म्हणू द्या.

विसरणे ही एक गोष्ट झाली. जाणूनबुजून अडवणे ही दुसरी, आणि माझ्या विद्यार्थ्याला टोचत होती ती ही. त्याला अलीकडे एक काम आले. पडद्यावर एक वाढीव सेवा विचारायची. ‘हो’ मोठे, हिरवे, आणि ‘नको’ लहान, फिकट करड्या अक्षरांत. माणसाचे बोट कोठे जाते हे ज्याला ठाऊक आहे, तोच त्याला चकवूही शकतो. असे चकवे करू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०२३ साली नियम काढले; त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत. ते त्याला पाठ आहेत. त्याच्या वरिष्ठांनाही असतील.

“मग तू काय केलंस?” मी विचारले.

“केलं, सर,” तो म्हणाला. “घराचे हप्ते आहेत.” थोड्या वेळाने म्हणाला, “आईच्या फोनमध्येही तेच आहे. म्हणून रात्री तिला फोन करून सांगितलं, खाली करड्या अक्षरात लिहिलंय, ते दाब. तिनं चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, अरे, इथं खाली काहीच लिहिलेलं नाही.”

त्यानंतर त्याने वरिष्ठांना अक्षरे गडद करण्याविषयी लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.