दोन गाड्यांमधील अंतर

आमच्या गावाचे नावच रेल्वेने पुरे केले आहे. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एकाच्या नावाला बाजार चिकटला, दुसऱ्याच्या नावाला रेल्वे. १८६७ साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला, तेव्हापासून आमच्या वाडवडिलांच्या घड्याळाचे काटे गाड्यांच्या वेळेवर फिरत आले. बालपणी स्टेशनच्या कठड्याशी उभे राहून गाड्या पाहणे हाच आमचा विरंगुळा असे. तेथील एका वृद्ध स्टेशनमास्तरांनी सांगितलेली एक गोष्ट मनात घर करून राहिली आहे. ते म्हणत, 'बेटा, गाडी चालवणे मोठे नाही, गाडी थांबवून धरणे मोठे. पुढचा टप्पा मोकळा झाल्याची खात्री पटल्याशिवाय मागची गाडी सोडायची नाही. मग ती मेल असो की मालगाडी.' दोन गाड्यांमध्ये मोकळे अंतर राहिलेच पाहिजे, या एका नियमावर रेल्वेची सारी सुरक्षितता उभी आहे. ते अंतर चालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही.

आता आमच्या तालुक्यातून दुसराही एक मार्ग गेला आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांच्या शेतशिवारातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला होऊन तो पूर्ण झाला. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, असे सांगितले जाते. ज्यांची वावरे या रस्त्याखाली गेली, त्यांच्यापैकी अनेकांजवळ फक्त दुचाकी आहे आणि दुचाकीला या रस्त्यावर प्रवेश नाही. हा रस्ता चारचाकीवाल्यांचा. म्हणूनच त्यावर कसे वागावे, हा प्रश्नही आपल्यासारख्या चारचाकी बाळगणाऱ्यांनीच स्वतःला विचारायचा आहे.

हा प्रश्न मला विचारावा लागला तो गेल्या वर्षी. नागपूरला नात्यातील एक लग्न होते. मिस्सा दहाची. निघायला उशीर झाला तो माझ्यामुळेच. गाडी पुतण्या चालवीत होता. महामार्गाला लागताच मी म्हणालो, 'बाबू, जरा दामट. उशीर होऊन राहिला.' त्याने दामटली. काटा १४० वर गेला तेव्हा मी दरवाजाची मूठ धरली. तो हसून म्हणाला, 'काकाजी, काई होत नाई. हा रस्ता दीडशेसाठीच बनवला हाय.' पुढे उजव्या मार्गिकेत एक लहान मोटार चालली होती. तिच्यामागे आम्ही इतके जवळ गेलो की मध्ये एक बैलगाडीदेखील मावली नसती. पुतण्याने दिवे लुकलुकवले, हॉर्न दिला. ती मोटार गोंधळली, किंचित हेलकावली आणि कशीबशी बाजूला झाली. तिला ओलांडताना मागच्या खिडकीत मला एक म्हातारी दिसली. मांडीवरील लेकराला तिने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरले होते. ती आमच्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, भय होते.

आम्ही वेळेवर पोहोचलो. वधूची गाडीच अर्ध्या तासाने आली. आम्ही मंडपात बसून सरबत प्यालो. काहीही घडले नव्हते.

काहीही घडले नाही, म्हणजे आपण काहीही केले नाही काय? मिस्सेत बसलो असताना हाच प्रश्न मला सोडीना. त्याच रस्त्यावर १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. असा काही अनर्थ घडला की आपण हळहळतो, दोषी कोण ते शोधतो. पण अनर्थ न घडलेल्या हजारो प्रवासांचा हिशेब कोणी मांडत नाही.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वचिंतकांनी नेमका हा पेच विद्वानांपुढे ठेवला. त्याला 'नैतिक दैव' म्हणता येईल. दोघे चालक सारख्याच बेफिकिरीने गाडी हाकतात. एकाच्या वाटेत अचानक मूल येते, दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. पहिल्याला जग गुन्हेगार ठरवते, दुसरा घरी जाऊन सुखाने जेवतो. दोघांच्या कृतीत तिळाचाही फरक नाही. फरक आहे तो दैवाचा. मग दोष कशाचा मोजायचा, परिणामाचा की कृतीचा?

न्यायालयाला परिणाम पाहावाच लागतो, कारण मृताच्या घरच्यांना उत्तर द्यायचे असते. पण सदसद्विवेकबुद्धीचे न्यायासन वेगळे आहे. तेथे दैवाची साक्ष चालत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवरणात या विषयाला स्थान दिले आहे. मद्यधुंदीमुळे अथवा वेगाच्या हौसेपायी जे स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतात, त्यांच्याकडे गंभीर दोष जातो, असा त्याचा आशय आहे. अपघात घडलाच पाहिजे, अशी अट तेथे नाही. धोक्यात घालणे हाच दोष. मी आजवर कितीतरी वेळा पापनिवेदनाला गेलो. रागाची, खोटेपणाची, आळसाची कबुली दिली. वेगाची कबुली द्यावी, असे मला कधी सुचलेच नाही. मनुष्यहत्येची आज्ञा आपण कधी मोडली नाही, या समाधानात मी निश्चिंत होतो.

पुतण्याचा युक्तिवाद मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. हा रस्ता ताशी १५० किलोमीटर वेगाचा हिशेब धरून आखला आहे, हे खरेच. मग मोटारींना १२० ची आणि मालमोटारींना ८० ची मर्यादा कशासाठी? उत्तर असे की रस्ता दीडशेचा असला तरी त्यावरील माणूस दीडशेचा नसतो. ताशी १२० या वेगाने मोटार एका सेकंदात ३३ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद सहज निघून जातो. तेवढ्यात ५० मीटर मागे पडलेले असतात आणि ब्रेकचे काम तर त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी ब्रेकला लागणारे अंतर चौपट होते. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा, तापलेले काँक्रीट, झिजलेले टायर आणि सरळ रस्त्यावर डोळ्यांवर येणारी गुंगी. पुढच्या चालकाची झोप झाली आहे की नाही, त्याच्या टायरची स्थिती काय, हे मागच्याला ठाऊक नसते. ठाऊक नाही म्हणूनच अंतर ठेवायचे. अंतर म्हणजे आपल्या अज्ञानाची प्रामाणिक कबुली होय.

आणि मिळवले काय? शंभर किलोमीटरचे अंतर १२० च्या वेगाने ५० मिनिटांत तुटते, १४० च्या वेगाने ४३ मिनिटांत. सात मिनिटे! त्या सात मिनिटांची किंमत म्हातारीच्या भयाने चुकती केली आणि सौदा करताना तिला कोणी विचारले नाही. स्वतःचा जीव पणाला लावणारा आपल्याला धाडसी वाटतो. पण रस्त्यावर कोणी केवळ स्वतःचाच जीव पणाला लावू शकत नाही.

कॅमेऱ्याने हा प्रश्न सुटेल, असे काहींना वाटते. कॅमेऱ्यापाशी काटा १२० वर आणायचा आणि तो मागे पडताच पुन्हा दामटायचे, ही कसरत आपण सर्वच जाणतो. जो केवळ कॅमेऱ्याला भितो, त्याचा शेजारी दोन कॅमेऱ्यांच्या मधल्या रस्त्यावर निराधार असतो. शिवाय येथे शेजाऱ्याचा चेहरा दिसत नाही, दिसते ती क्रमांकाची पाटी. यरीहोच्या वाटेवरील शोमरोनी माणूस पायी अथवा जनावरावरून चालला होता, म्हणून त्याला जखमी माणसाचा चेहरा दिसला. आपल्याला पाटीमागचा चेहरा मनाने पाहावा लागेल. मला तो दिसला, हा माझ्यावर झालेला अनुग्रह समजतो.

परतीच्या वाटेवर मी पुतण्याला म्हणालो, 'बाबू, सकाळी चूक माझी झाली. तुला दामटायला मीच लावले.' तो काही बोलला नाही, पण काटा ११० च्या वर गेला नाही. मी त्याला एक साधा उपाय सांगितला. पुढची गाडी एखाद्या खांबापाशून गेली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणायचे. त्याआधी आपण त्या खांबाशी पोहोचता कामा नये. त्याने तसे अंतर सोडले. पाच मिनिटांत एक मोटार सुसाट येऊन त्या मोकळ्या जागेत शिरली. तो चिडून म्हणाला, 'पाहा काकाजी, जागा सोडली का कोणीबी घुसते!'

त्याच्या या तक्रारीतच सारा प्रश्न सामावलेला आहे. चांगुलपणाने मोकळी ठेवलेली जागा दुसरा कोणी बळकावतो, हा अनुभव केवळ रस्त्यावरचा नाही. घरात, शेताच्या बांधावर, संस्थेच्या कारभारातही तो येतो. मी म्हणालो, 'घुसू दे. पुन्हा सोड.' मग आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला. एक गाडी मध्ये शिरली आणि आपण पुन्हा अंतर सोडले, तर आपले दोन सेकंद जातात. तीस गाड्या शिरल्या तर एक मिनिट.

घरी पोहोचेपर्यंत अकरा गाड्या शिरल्या. पुतण्या मोजत होता.