जखमेतली अळी आणि आपले ताट



गावाकडे बैलाच्या जखमेत अळ्या पडल्या की घरातली जुनी माणसे सीताफळाचा पाला ठेचून जखमेत भरत, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. अळ्या मरत, बैल वाचे. यात पहिले शील मोडले का? आज अमेरिकेत हाच प्रश्न मोठ्या रूपात आपल्यापुढे उभा आहे.

न्यू वर्ल्ड स्क्रूवर्म नावाची माशी जनावराच्या उघड्या जखमेत अंडी घालते. तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. उपचार न मिळाल्यास धडधाकट जनावरही दगावते. नोव्हेंबर 2024 मध्ये ही कीड मेक्सिकोच्या दक्षिण भागात सापडली. सप्टेंबर 2025 मध्ये ती टेक्सासच्या सीमेपासून 70 मैलांच्या आत आली. अमेरिकेने मेक्सिकोतून येणारी गुरे थांबवली. इथल्या गुरांची संख्या 2025 च्या आरंभीच सुमारे 8 कोटी 67 लाखांवर, म्हणजे 1951 नंतरच्या नीचांकावर होती. बीफ महागले. ऑक्टोबरमध्ये अर्जेंटिनाच्या कमी शुल्काच्या बीफचा कोटा 20 हजारांवरून 80 हजार टनांवर नेण्याची घोषणा झाली. ग्राहकाला दिलासा हवा, असे सरकारचे म्हणणे. आमच्या पोटावर पाय देऊ नका, असे इथल्या पशुपालकांचे.

आधी अळीचा प्रश्न घेऊ. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे समजावले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. तत्त्व माणसाला विचार करायला लावते, नियम विचार थांबवतो. जनावराला जिवंतपणी कुरतडले जाण्यापासून वाचवणारा पशुवैद्य द्वेषाने वागत नाही. याच किडीवर एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड यांनी वेगळा उपाय शोधला. मादी आयुष्यात एकदाच समागम करते, म्हणून किरणांनी वंध्य केलेले नर लाखोंनी सोडायचे. तिची अंडी मग उबतच नाहीत. 1954 मध्ये कुरासाओ बेटावर हा उपाय यशस्वी झाला. गरज मान्य करूनही कमीत कमी दुःखाची वाट शोधता येते, हे इथे दिसते.

आता ताटाचा प्रश्न. ही अळी जिवंत जनावराबरोबर प्रवास करते, खोक्यातल्या मांसाबरोबर नव्हे. त्यामुळे गुरांसाठी सीमा बंद करण्यामागची गरज समजते. आयातीच्या वादात मात्र बोलणे मुख्यतः भावाचे आहे. ज्या जनावराच्या जखमेची कालपर्यंत एवढी चिंता होती, ते त्या हिशेबात कुठे असते?

बंधू-भगिनींनो, बीफ हा आपल्यासाठी साधा विषय नाही. 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमाशी गोमांसाचा संबंध दाखवला. म्हणून कोणी ‘खाऊ नका’ म्हटले की आपली जुनी जखम ठसठसते. गाय पवित्र आहे म्हणून खाऊ नका, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या ताटात डोकावून त्याची पायरी ठरवणे हा जातीचा धर्म आहे, आपला नव्हे. आणि इथे कमी पगारात घर चालवणाऱ्या कुटुंबाला भाव पाहावाच लागतो.

पण दुसऱ्याने आपल्या ताटात डोकावू नये, याचा अर्थ आपणही डोकावू नये असा नाही. तथागतांनी उपासकांना मांसाचा आणि प्राण्यांचा व्यापार टाळायला सांगितले. भिक्खूंना मात्र, आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले वा तसा संशय आला नसेल, तर भिक्षेतले मांस चालत असे. आपण भिक्षेकरी नाही, ग्राहक आहोत. आपल्या मागणीवरच कोटा ठरतो. ‘माझ्यासाठी मारले नाही’ असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

तेव्हा पुढच्या खरेदीच्या वेळी, बीफ असो, चिकन असो वा मटण, स्वतःला एवढेच विचारा: ही माझी गरज आहे की नुसती इच्छा? उत्तर तुमचे तुम्ही द्या. कोणाला सांगू नका, कोणाचे विचारू नका. फक्त खोटे देऊ नका. शीलाचे पालन तिथूनच सुरू होते.

सर्व प्राणिमात्रांचे मंगल होवो. जय भीम!