धुऱ्यावरची तूर

रिसोड तालुक्यात पैनगंगेच्या अंगाला एका गावात दोन भाऊ राहत. बाप होता तोवर वावर एक होतं. बाप गेला, सातबारा फुटला, मधोमध धुरा पडला आणि विहीर थोरल्याच्या हिश्श्यात गेली. पाणी पाळीनं घ्यायचं ठरलं. त्यासाठी धाकट्याच्या वावरापर्यंत पाइप टाकला, धुऱ्यापाशी वॉल बसवला. दोन वर्षं सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्यानं धुऱ्याची हातभर माती धाकट्याच्या बाजूला ओढली. तो परगावचा, पैसे घेऊन निघून गेला. भांडण घरात राहिलं.

त्याच पावसाळ्यात धाकट्यानं सोयाबीनमध्ये तणनाशक मारलं. पुढे पोळ्याच्या सुमारास थोरल्याची धुऱ्याकाठची तूर पिवळी पडली आणि उभी वाळली. थोरल्यानं दोन आणि दोन चार केले. दुसऱ्या दिवशी त्यानं वॉल बंद करून वर कुलूप घातलं. म्हातारी माय थोरल्याकडे राहायची. ती बोलली नाही असं नाही, पण तिचं ऐकायच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं.

पुढच्या वर्षी पाळी धाकट्याची आली. दोघांच्याही वावरात आपल्या भागातला नेहमीचा पेरा होता, सहा तास सोयाबीन आणि एक तास तूर. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास सोंगून झालं. तूर मात्र उभी राहते. दिवाळीनंतर फुलावर येते आणि शेतकऱ्याची उरलेली आशा तिच्यावर असते. त्या फुलोऱ्यात धाकट्याच्या वावरात एका जागची दहा-बारा झाडं माना टाकून उभी दिसली. आठ दिवसांत तो पट्टा खाटेएवढ्याचा खळ्याएवढा झाला.

धाकट्याला पहिल्यांदा आठवलं ते कुलूप. पाण्यावाचून मरून रायली, तो म्हणाला. शेजाऱ्याच्या हातापाया पडून त्यानं मोटार मागितली. शेतीपंपाची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून रात्रभर जागून त्यानं त्या पट्ट्याला पाणी दिलं. सकाळी माती चिंब होती आणि तूर कालच्याहून जास्त वाकलेली. मग तो गावातल्या कृषी सेवा केंद्रात गेला. दुकानदारानं झाड न बघता दोन बाटल्या काढून दिल्या, एक बुरशीची आणि एक टॉनिकची. टॉनिकमध्ये काय होतं ते बाटलीवर लिहिलेलं होतं, पण ते वाचून कुणाला काही कळावं अशा बेतानं लिहिलेलं नव्हतं. तीही फवारून झाली.

शेवटी त्याला खरी गोष्ट उमगली, म्हणजे उमगली असं त्याला वाटलं. "त्यानंच टाकलं असन काही रात्री. दुसरं कोण टाकीन? मागच्या सालचा राग काढला त्यानं."

धाकट्याची पोरगी तेव्हा दहावीत होती. बापाबरोबर ती वावरात गेली तेव्हा तिला एक विचित्र झाड दिसलं. त्याच्या अर्ध्या फांद्या वाळलेल्या होत्या आणि अर्ध्या हिरव्यागार, फुलांनी भरलेल्या. वाळक्या बाजूनं खोडावर जमिनीपासून वर चढत गेलेला जांभळट काळा पट्टा होता. हिरव्या बाजूला काही नव्हतं.

"बाबा, मोठ्या बाबानं औषध टाकलं असतं तं अर्धंच झाड कसं मेलं असतं?"

बापाकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं तिला घरी जायला सांगितलं. जाताना तिनं त्या झाडाची एक फांदी आणि एका धडधाकट झाडाची एक फांदी तोडून नेली.

शाळेत तेरड्याचं रोप लाल पाण्यात ठेवून खोडात पाणी कुठून चढतं ते दाखवतात. तिनं तेच केलं. दोन पेल्यांत पाणी, पाण्यात लाल शाई. फांद्यांचे बुडखे पाण्यातच ब्लेडनं तिरपे कापले आणि पेले उन्हाच्या बाजूला ओसरीवर ठेवले. दुपार कलेपर्यंत निरोगी फांदीच्या पानांच्या शिरा लालसर दिसायला लागल्या. रोगट फांदीत रंग बोटभर चढून थांबला. दोन्ही बुडखे तिनं आडवे चिरले. पहिल्यात लाल ठिपक्यांचं नीट वर्तुळ होतं. दुसऱ्यात ठिपके तपकिरी काळे होते आणि लाल जेमतेम दोन-चार.

पोरीनं ते आजीला दाखवलं. आजीनं चष्मा नाकावर सरकवून बघितलं आणि म्हणाली, "मी तं कवाची सांगून रायली, तुरीले पाणी कायले देता? तिची मुळी माणसाच्या उंचीएवढी खाली जाते. तिले तहान नाही लागली, तिचा गळा दाटला."

करड्याचं कृषी विज्ञान केंद्र तालुक्यातच आहे. दुसऱ्या दिवशी ऑटो करून बाप, पोरगी आणि हट्टानं बरोबर निघालेली आजी असे तिघं मुळासकट उपटलेली चार झाडं घेऊन तिथं पोचले. तिथल्या माणसानं पान बघितलं नाही, शेंग बघितली नाही. खिशातून चाकू काढला आणि बुडाजवळची साल सोलली. साल ओली, हिरवी निघाली. आतलं लाकूड पांढरं असायला हवं होतं; त्यावर कोळशानं ओढाव्यात तशा काळ्या उभ्या रेघा होत्या.

"मर," तो म्हणाला.

मग त्यानं जे सांगितलं ते धाकट्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तीस वर्षं तूर पिकवणाऱ्या माणसाला तुरीच्या आत काय चालतं हे कोणी सांगितलेलं नसतं, कारण विचारायची वेळ येते ती बाटली विकत घेताना, आणि दुकानात तेवढी फुरसत नसते.

झाडात पाणी वर चढवायला मोटार नसते. मुळाच्या टोकामागं केसाहून बारीक धागे असतात, ते मातीच्या कणांत शिरून पाणी ओढून घेतात. तिथून पाणी मुळाच्या गाभ्यात जातं आणि जलवाहिन्यांमधून वर चढतं. या जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशी. एकावर एक रचलेल्या, मधल्या आडभिंती विरून गेलेल्या, बाजूच्या भिंती मात्र लिग्निननं कडक झालेल्या. म्हणून आतून कितीही ओढ लागली तरी त्या दबून मिटत नाहीत. ओढ लागते वरून. पानाच्या पाठीला हजारो बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं. प्रत्येक तोंडाला दोन पेशींचे ओठ. ते उघडले की हवा आत येते आणि वाफ बाहेर जाते. मूळ जेवढं पाणी घेतं त्यातलं शंभरातलं पंच्याण्णवाहून जास्त असं वाफ होऊन उडतं. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे वरचा उडाला की खालचा ओढला जातो आणि मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा न तुटलेला धागा चढत राहतो. पानानं केलेली साखर उलट वाटेनं, सालीजवळच्या रसवाहिन्यांतून, मुळाकडे जाते. ती वाट जिवंत पेशींची. साल हिरवी निघाली ती म्हणूनच.

"आता ही बुरशी," तो म्हणाला. नाव फ्युजारियम उडम. एडविन बटलर नावाच्या शास्त्रज्ञानं बिहारमधल्या पुसा इथं तिचा कसून अभ्यास केला आणि १९१० मध्ये तो छापला, म्हणजे रोग काही कालचा नाही. ती मातीत राहते, तुरीच्या वाळक्या धसकटात वर्षानुवर्षं टिकते. कोवळ्या मुळातून शिरते, जलवाहिनीत पोचते आणि पाण्याबरोबरच वर जायला लागते. ज्या बाजूच्या मुळातून शिरली त्या बाजूच्या फांद्या आधी वाळतात. पोरीनं आणलेल्या अर्ध्या झाडाचं कोडं तिथं सुटलं.

"म्हंजे बुरशीनं नळ्या भरल्या," धाकटा म्हणाला.

"थोड्या तिनं भरल्या. बाकीच्या झाडानंच बुजवल्या."

धाकट्याला हे पटलं नाही. त्या माणसानं पुन्हा समजावलं. शत्रू पाण्याच्या वाटेनं येतोय हे झाडाला कळतं. मग जलवाहिनीच्या शेजारच्या जिवंत पेशी भिंतीतल्या भोकांतून आत फुगे ढकलतात, डिंक सोडतात, काळपट द्रव्य ओततात. शत्रूनं पुढं जाऊ नये म्हणून वाट बंद. जे वाण चिवट असतं तेही वाट बुजवतं, पण वेळेवर आणि तेवढ्यापुरती. मुळाजवळच्या चार नळ्या जातात आणि बाकीच्या चालू राहतात. नाजूक वाण उशिरा घाबरतं आणि मग दिसेल ती नळी बंद करत सुटतं. पान पाणी मागतं, खालून येत नाही. पर्णरंध्रं मिटतात. वाफ थांबते तशी हवाही थांबते आणि साखर होत नाही. वर तहान आणि खाली भूक. अशा झाडाच्या बुडाशी विहीर आणून सोडली तरी उपयोग नाही.

आजी इतका वेळ बाकावर बसून ऐकत होती. "मंग झाडाले मारलं कोणी?" तिनं विचारलं. "त्या बुरशीनं का झाडानं?"

"दोघांनी मिळून, आजी."

म्हातारीनं मान हलवली. मग एक प्रश्न त्या माणसानं विचारला आणि धाकट्याची पंचाईत झाली. शेजारच्या वावरात मागच्या साली तूर वाळली होती का? धाकटा गप्प राहिला. आजीनं उत्तर दिलं, "वाळली होती. धुऱ्याच्या काठानं. आन् धसकटं तशीच वखरात गेली."

धुरा बुरशीला दिसत नाही. एका बाजूची धसकटं, तीच माती दुसऱ्या बाजूला ओढणारा नांगर, आणि दोन्ही वावरांत तुरीवर तूर. थोरल्याची तूर तणनाशकानं मेली नव्हती आणि धाकट्याची कोणी रात्री येऊन मारली नव्हती. कुलूप मात्र खरं होतं.

उभ्या रोगट झाडाला बरं करील असं औषध नाही, हे त्या माणसानं स्पष्ट सांगितलं. दुकानातल्या दोन बाटल्यांचे पैसे गेले ते गेले. मेलेली झाडं मुळासकट उपटून जाळायची. त्या जागी निदान तीन वर्षं तूर नको. पुढे दुसरीकडे लावायची तर मर सहन करणारं वाण घ्यायचं, बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ किंवा बीएसएमआर ७३६, आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचा. आणि ज्वारी. ज्वारीच्या फेरपालटीनं किंवा तुरीत ज्वारीची तासं घेतल्यानं मर कमी होते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

"आमच्या टायमाले ज्वारीतच तूर राहत होती," आजी म्हणाली. तिच्या लेखी अजूनही हा अकोला जिल्हा. वाशीम १९९८ साली वेगळा झाला ही गोष्ट तिनं मनावर घेतलेली नाही. पण ज्वारीचं तिचं बोलणं त्या माणसानं वहीत लिहून घेतलं. सोयाबीन आलं, ज्वारी गेली. तिच्याबरोबर काय काय गेलं त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

"पण दोन्ही वावरांत करावं लागेल," तो म्हणाला. "एकानं करून भागणार नाही."

परतताना ऑटो गावात शिरला तेव्हा धाकट्याला घराकडे वळायचं होतं. म्हातारीनं थोरल्याच्या दारात थांबवायला लावलं आणि पोरीच्या हातातली सोललेली खोडं घेऊन ती उतरली. थोरल्यानं ती उलटीपालटी करून बघितली. नखानं काळी रेघ खरवडली. मग गोठ्यामागं जाऊन आपल्या वावरातलं मागच्या सालचं एक वाळकं झाड घेऊन आला. तुऱ्हाटी कुंपणाला ठेवलेली होती. पोरीनं विळ्यानं साल काढली. आत तीच रेघ.

"मले तं वाटलं तूच फवारलं," थोरला म्हणाला.

"मले वाटलं तू."

त्यापुढे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग थोरलीनं आतून चहा आणला आणि चहाबरोबर भांडण सुरू झालं, कारण वॉलच्या कुलपाची किल्ली सापडत नव्हती. शेवटी कुलूप हातोड्यानं फोडलं. त्यात वॉलही तडकला, आणि नव्या वॉलचे पैसे कोणी द्यायचे यावर आणखी अर्धा तास गेला. मेलेली तूर काही उठली नाही. त्या सालात धाकट्याला त्या पट्ट्यात शेंग मिळाली नाही. दोघांनी मिळून झाडं उपटली, कुंपणाची तुऱ्हाटीही ओढून काढली आणि धुऱ्यावरच जाळली.

मृग लागला तेव्हा धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी पेरली गेली. गावात लोक हसले. ज्वारी कोण पेरतं आता? कणीस भरलं की पाखरं, त्याआधी रोही आणि रानडुकरं. सोयाबीनवाल्याला घरी झोपता येतं, ज्वारीवाल्याला जागल करावी लागते. म्हणून धुऱ्यावर एक माळा बांधला, दोघांच्या मध्ये एकच. पाळी ठरली, एक रात्र थोरला आणि एक रात्र धाकटा. पण पोटरीत ज्वारी आल्यावर रोह्यांचा कळप एवढा यायला लागला की दोघंही रोजच जायला लागले, डबे वाजवत, बॅटरी फिरवत.

हातभर मातीचा वाद मिटलेला नाही. सरकारी मोजणीचा अर्ज दोघांनी एकत्र भरला आहे, फी निम्मी निम्मी.

"मोजणी होऊ दे," थोरला माळ्यावरून खाली बॅटरी मारत म्हणतो, "मंग तुले दाखवतो धुरा कुठं हाये ते."

"दाखव. पयले तिकडं पाय, ते बघ, तुह्याच बाजूनं घुसून रायले!"