तीन छत्तिसांश

चाकणच्या पट्ट्यात कांदा-बटाट्याची रानं जाऊन कारखाने आले, एमआयडीसीने घेतलेल्या जमिनीचा मोबदला घरोघरी येऊ लागला, तेव्हाची ही गोष्ट.

एका घरी संमतीपत्रासाठी सगळे जमले होते. जमीन जुन्या आजोबांच्या स्वतःच्या कमाईची. त्यांना तीन मुलगे. थोरले अप्पा हयात, त्यांचा १/३. मधले वारलेले, त्यांच्या वारसांना प्रत्येकी १/१२. धाकटेही गेलेले, बायको आणि दोन मुलं, प्रत्येकी १/९. कागदावर सात नावं होती आणि प्रत्येक नावापुढच्या अपूर्णांकात वरती फक्त १. वाचून झालं, माना डोलल्या.

अप्पांची नात सातवीत होती. "अप्पा, मी बेरीज करू?"

"कर की."

तिने ३, १२ आणि ९ यांचा लसावि काढला, ३६. अप्पांचे १२, मधल्या घरातल्या तिघांचे ९, धाकट्या घराचे १२. "तेहतीसच होतायत. छत्तीस व्हायला हवेत ना?"

"छेद वेगळे असले की थोडं मागंपुढं होतंच गं," एक काका म्हणाले.

"नाही होत, काका. छेद सारखे केलेत मी."

आधी समच्छेद, मग बेरीज, हे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त सांगून ठेवलं आहे. तिथल्या उदाहरणात ३, १/५ आणि १/३ मिळून ५३/१५ होतात, ना एक अंश कमी, ना जास्त. वाटे एका मापात आले की कमी पडलेला वाटा आपोआप उघडा पडतो. म्हणून तर ही रीत मला गणिताइतकीच न्यायाची वाटते.

"तीन छत्तिसांश म्हणजे एक बारांश," नात म्हणाली. "मधल्या आजोबांच्या घरातलं कुणीतरी राहिलंय."

अप्पांनी कागद जवळ ओढला. त्या घरातली नावं तीन: आई आणि दोन मुलगे. तृतीयांशाचे बारांश झाले होते ते चौघांत वाटून. चौथी, जुन्नरला दिलेली मुलगी.

"तिच्या लग्नाला खर्च केलाच की आम्ही," काका हळू आवाजात म्हणाले.

"तिनं हक्कसोडपत्र दिलंय?"

दिलेलं नव्हतं. वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आहे. अप्पांना ते ठाऊक होतं, तरी मघाशी त्यांचीही मान डोललीच होती.

त्यांनी नवा कागद मागवला. आठ नावं लिहायला लावली, सगळ्यांच्या वाट्याखाली ३६. मग पुतणीला फोन लावला. "सोमवारी खेडला ये. तुझी सही लागणार आहे."