मानेवरची बोटं

नायगावच्या बीडीडी चाळींच्या आसपास, परळ आणि शिवडीच्या हद्दीत, तीन संस्था आहेत: हाफकिन, शिवडीचं टीबी हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल. तिन्हींशी जोडलेला रोग वेगळा. पण अनुक्रमे प्लेग, क्षय आणि तोंडाचा कर्करोग, हे तिन्ही मानेत गाठ आणू शकतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना डोकं, चेहरा आणि मान तपासण्याचा ठरावीक क्रम का घोकावा लागतो, हे मला पुस्तकापेक्षा या परिसराच्या इतिहासातून जास्त कळतं.

गाठींची ओळख जुनीच. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड एकाच अध्यायात येतात. पण मुंबईत गाठ बघणं हे सरकारी काम झालं ते 1896 नंतर. त्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढे घरोघरी, स्टेशनांवर माणसं चाचपली जाऊ लागली. गाठ सापडली की रोगी इस्पितळात आणि घरचे छावणीत. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तो अडाणीपणा होता असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, तपासणारा हात आपल्यासाठी नाही, आपल्यापासून शहर वाचवायला आलाय, हे त्यांना बरोबर कळलं होतं. शिवाय प्लेगची गाठ बहुतेकदा जांघेत येते. बायकांना ही तपासणी कशी वाटली असेल, ते सांगायला नको.

प्लेगनंतर वस्तीच्या दाटीवर उपाय म्हणून 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, 1920 च्या दशकात बीडीडी चाळी उठल्या. पण तिथेही 160 चौरस फुटांच्या खोलीत अख्खं कुटुंब, वर गिरणीतला कापसाचा धुरळा. क्षयाला आणखी काय हवं? क्षयाची मानेतली गाठ, म्हणजे गंडमाळा, प्लेगसारखी एका रात्रीत ठणकत नाही. हळू वाढते, फारशी दुखत नाही, गाठी एकमेकींना चिकटतात. मग 1941 मध्ये टाटा मेमोरियल उघडलं आणि तंबाखूच्या तोंडातून मानेत उतरलेली तिसरी गाठ ओळखीची झाली: दगडासारखी कठीण, जागची न हलणारी.

प्रत्येक साथीनं बोटांना एकेक गाठ शिकवली, आणि ज्याची धास्ती तेवढंच शोधायची सवयही लावली. ठरलेला क्रम ही सवय मोडतो. आधी टाळू, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का, डोळे, कान, नाक, तोंड. मग कानापुढे, कानामागे, डोक्याच्या मागे, जबड्याखाली, हनुवटीखाली, मानेच्या बाजूंनी खाली गळ्याच्या हाडापर्यंत, दोन्हीकडे. श्वासनळी मधोमध आहे ना, आणि घोटभर पाणी गिळताना थायरॉइड वर सरकते कशी. शंका नसतानाही हात तिथे जातो, हीच या क्रमाची किंमत. डाव्या गळ्याच्या हाडावरची गाठ कधी पोटातल्या कर्करोगाची निघते; गळ्याची तक्रार घेऊन न आलेल्या माणसाच्या तिथे एरवी बोट कोण लावणार?

अर्थात फॉर्मवर ‘नॉर्मल’ची टिक पदर न सरकवताही करता येते, आणि गर्दीच्या वॉर्डात ती होतेच.

पुढचं वळण हॉस्पिटलबाहेरचं. 1996 मध्ये केरळात तिरुवनंतपुरमजवळ सुरू झालेल्या अभ्यासात डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी तोंडं तपासली. 2005 मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. म्हणजे पुन्हा घरोघरी जाणं आलं, पण या वेळी ज्याचं तोंड त्याच्याच फायद्यासाठी. आता राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतर सगळ्यांचीच तोंडं बघायची असतात. इथे टॉर्चआधी प्रश्न येतो. आपल्याकडच्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि खोटं बोलत नसेल; तंबाखूच्या मिश्रीला ती तंबाखू धरत नाही. ‘मावशी, सकाळी मिश्री लावता का?’ असं विचारलं, तर ती कुठल्या बाजूच्या हिरडीला लावते तेही दाखवेल, आणि बघायला सुरुवात तिथूनच करायची.