पंधरा दिवसांपूर्वी आजी काय करत होती?

लोणारात म्हाताऱ्या माणसाची ताकद जोखायला यंत्र लागत नाही. विवराच्या काठावरून तळाशी कमळजा देवीपर्यंत उतरायचं आणि पुन्हा वर यायचं, एवढं पुरतं. गेल्या नवरात्रात ही वाट चाललेली आजी यंदा काठावरूनच हात जोडून परतली, तर घरचे म्हणतात, ‘थकली आता, वय झालं.’

वैद्यकशास्त्र मात्र या थकण्याला वयाच्या खाती टाकून मोकळं होत नाही. अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली त्याच्या पाच खुणा मांडल्या: आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल पडलेली मूठ, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन जुळल्या की माणूस जर्जर. ऐंशीचे आजोबा यातून सुटू शकतात, पासष्टची बाई सापडू शकते.

अडचण रुग्णालयाच्या दारात सुरू होते. जर्जर शरीर आजाराच्या नेहमीच्या खुणा दाखवतंच असं नाही. न्यूमोनिया होतो, पण ताप चढत नाही. हृदयविकाराचा झटका येतो, पण छाती दुखत नाही. आजी फक्त जेवण सोडते, भलतंच बोलू लागते, नाहीतर न्हाणीत पडते. महामार्गावरचा जखमी आणला की सगळे धावतात. ही मात्र निपचित पडून असते आणि ‘त्रास देत नाही’ म्हणून मागे राहते. तसं निपचित पडणंच कित्येकदा धोक्याचं असतं.

कॅनडातले केनेथ रॉकवूड यांनी २००५ साली जर्जरतेची सात पायऱ्यांची मोजपट्टी दिली; पुढे तिच्या नऊ पायऱ्या झाल्या. तिची खरी गंमत आकड्यात नाही. आपत्कालीन विभागात ती वापरताना रुग्ण आज कसा दिसतो ते मोजायचं नसतं, दोनेक आठवड्यांपूर्वी तो कसा होता ते विचारायचं असतं. आजी तेव्हा भाकऱ्या थापत असेल, तर आजचं बरळणं नवं आहे. त्यामागे जंतुसंसर्ग असेल, अंगातलं पाणी कमी झालं असेल, एखादी नवी गोळी बाधली असेल. यातलं बरंच उपचारानं सुधारतं. पण वर्षभर तिला दुसऱ्यानंच भरवावं लागत असेल, तर सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या बुलढाण्याला हलवण्याआधी, नळ्या घालण्याआधी, तिला स्वतःला काय हवं आहे? हे विचारायला फारसं कुणी थांबत नाही.

मोजपट्टीचं बंद दार होऊ शकतं, हेही खरं. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धास्तीत, ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं अतिदक्षता उपचार कुणाला द्यायचे हे ठरवताना हीच पट्टी सुचवली. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला. काही दिवसांतच दुरुस्ती आली, की तरुणांना आणि दीर्घकाळ स्थिर अपंगत्व असलेल्यांना ही पट्टी लावू नये.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सरकारी रुग्णालयात शक्यतो खाटेची आणि वेगळ्या रांगेची तरतूद करतो. रांगेच्या टोकाला कोणता प्रश्न विचारायचा, हे त्यात नाही. आधार कार्ड विचारलं जातं.

आणि उत्तर असतं कुणाकडे? १०८ ची गाडी दाराशी आली की बहुधा मुलगा, नाहीतर पुतण्या सोबत चढतो. कागदांवर सही तोच करतो, पुण्यातल्या भावाला फोनही तोच लावतो. आजी चार दिवसांपासून चहासुद्धा अर्धाच पिते, हे ठाऊक असलेली सून उंबऱ्यातच राहते, कारण घरात लेकरं असतात आणि गोठ्यात म्हैस.